फोटोमागची ओळ कोणाची? एका अमेरिकन सैनिकाच्या पत्रांचं आणि छायाचित्रांचं प्रकरण

फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत सैनिकाचं नाव होतं, आणि खाली लिहिलं होतं की तो जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत पडला. घरच्यांनी हे तीन पिढ्या खरं मानलं. शाई मात्र बॉलपेनची होती. अमेरिकेत बॉलपेन बाजारात आलं ते ऑक्टोबर १९४५ मध्ये. म्हणजे ही ओळ लिहिणाऱ्याने तो सैनिक कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

ओहायो राज्यातल्या एका काउंटीच्या इतिहास संस्थेत हा संग्रह कसा आला, त्यात कुठे चुकलं आणि काय हाती लागलं, त्याची ही हकिकत आहे. नावं, गाव, पलटणीचा नंबर आणि ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत.

पार्श्वभूमी

संग्रह आणला तो सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने. तिच्या पणजीचा थोरला भाऊ म्हणजे हा सैनिक. बुटांच्या खोक्यात १८६१ ते १८६६ या काळातली ६१ पत्रं होती, ३८ सुटे लखोटे होते, पुठ्ठ्यावर चिकटवलेले ९ छोटे फोटो होते (यांना कार्त-द-व्हिझिट म्हणत, साधारण अडीच इंच रुंद, चार इंच उंच), ३ टिनटाइप (पत्र्यावरचे फोटो) आणि चामडी डबीतला १ अँब्रोटाइप (काचेवरचा फोटो) होता. शिवाय दुसऱ्या महायुद्धातली १४ व्ही-मेल पत्रं होती. सैनिकाने लिहिलेलं पत्र मायक्रोफिल्मवर उतरवून, फिल्म मायदेशी पाठवून तिथे छोट्या आकारात छापायचं, अशी ही १९४२ ते १९४५ मधली टपालाची सोय होती.

६१ पैकी ४४ पत्रं सैनिकाची, ८ धाकट्या भावाची, ६ आईची आणि ३ अनोळखी हातची, अशी पहिल्या दिवशी मोजणी झाली. या मोजणीत चूक होती, ती पुढे येईल.

संस्थेत अर्धवेळ काम करणारी एकच अभिलेखपाल आणि चार स्वयंसेवक. सहा महिन्यांनी अमेरिकेच्या गृहयुद्धावर (१८६१ ते १८६५, उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं यांच्यातलं) प्रदर्शन भरायचं होतं. घाईचं मूळ तेच.

अडचण

पत्रं वाचायला घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात घरच्या हकिकतीला तडा गेला. सैनिकाची पलटण पश्चिमेकडच्या फौजेत होती. डिसेंबर १८६२ मध्ये तो टेनेसीत मेम्फिसला होता. महिनाअखेरीस उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या सैन्याबरोबर मिसिसिपी नदीने खाली चिकसॉ बायूला गेला, जानेवारीत आर्कान्सा पोस्ट या किल्ल्यावर, मग यंग्ज पॉइंटच्या चिखलात आणि मे १८६३ पासून नदीकाठच्या व्हिक्सबर्ग शहराच्या वेढ्यात. गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलैला पेनसिल्व्हेनियात झाली. व्हिक्सबर्ग ४ जुलैला शरण आलं. १२ जुलैचं त्याच्या हातचं पत्र मिसिसिपी राज्यातून आलेलं आहे. तो गेटिसबर्गला असणं शक्यच नव्हतं.

हा ‘ध’चा ‘मा’ मुद्दाम कोणी केलेला नाही. मूळ आठवण ‘त्या जुलैत पोर गेलं’ एवढीच असावी. पुढे शाळेच्या पुस्तकांत जुलै १८६३ म्हटलं की गेटिसबर्ग, हे समीकरण पक्कं झालं आणि आठवणीला गाव चिकटलं. लढाईत मृत्यू आला ही समजूतही तशीच. गृहयुद्धातल्या मृत सैनिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश रोगराईने गेले, पण घरोघरीच्या कहाण्यांत जुलाबाने आणि विषमज्वराने मेलेले फार थोडे सापडतात.

दुसरी अडचण त्या फोटोचीच. तो छातीपासून वरचा, टोपी नसलेला, कडा धूसर केलेला चेहरा होता. पाठीवर बॉलपेनच्या ओळीशेजारी दोन सेंटचं महसुली तिकीट होतं आणि त्यावर फोटोग्राफरची आद्याक्षरं व एप्रिल १८६५ ही तारीख होती. युद्धाच्या खर्चासाठी सरकारने १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत फोटोंवर कर बसवला होता, आणि पंचवीस सेंटपर्यंतच्या फोटोला दोन सेंटचं तिकीट लागे. फोटोसाठी वेगळं तिकीट छापलेलंच नव्हतं, हाताशी असेल ते महसुली तिकीट लावून शाईने रद्द करत. पाठीवर असं तिकीट असलं की फोटोचा काळ तेवीस महिन्यांत बसतो. जुन्या फोटोंच्या कामात इतका नेमका पुरावा क्वचित मिळतो.

पण १८६३ मध्ये मेलेल्या माणसाचा फोटो १८६५ मध्ये कसा?

तिसरी अडचण एका टिनटाइपची होती. त्यात सैनिकी कोट घातलेला कृष्णवर्णीय तरुण होता. सोबतच्या चिठ्ठीवर कोणीतरी नंतर ‘नोकर’ एवढंच लिहिलेलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय साधा होता. सगळं स्कॅन करून खोकं परत द्यायचं. जागा कमी, माणसं कमी, त्यामुळे दोन स्वयंसेवकांचा कल तिकडे होता. पण लखोट्यांचे कागद, तिकिटाखालची शाई, पत्र्याची पाठ या गोष्टी स्कॅनमध्ये पुरत्या येत नाहीत. पुढचा सगळा उलगडा मूळ वस्तू हातात असल्यामुळेच झाला.

दुसरा पर्याय बाईंच्या पुतण्याचा. सैनिकांच्या टिनटाइपना लिलावात चांगला भाव येतो, तेव्हा ते विकावेत आणि पत्रं संस्थेला द्यावीत. अभिलेखपालने याला ठाम विरोध केला आणि तो योग्यच होता. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लिल्येनक्विस्ट कुटुंबाने दिलेला गृहयुद्धकालीन फोटोंचा मोठा संग्रह आहे. त्यातल्या बहुसंख्य चेहऱ्यांना आज नावं नाहीत. त्या फोटोंनाही कधीतरी घर होतं, शेजारी पत्रं होती. पत्रांपासून तुटलेला चेहरा बहुतेक वेळा कायमचा अनामिक होतो, आणि चेहऱ्यापासून तुटलेली पत्रंही निम्मी मुकी होतात.

तिसरा पर्याय सगळं एकत्र, लेखी दानपत्र करून घेण्याचा. तोच निवडला. दानपत्रात वस्तूंची मालकी आणि देणाऱ्याकडे असलेला कॉपीराइट या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या. कागद तुमच्या घरात आहे म्हणून मजकुराचा हक्क तुमचा होत नाही. अमेरिकन कायद्यात अप्रकाशित पत्राचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. १८६३ मधल्या पत्रांना अडसर नव्हता. व्ही-मेल लिहिणारा १९९० नंतर वारला होता, म्हणून ती १४ पत्रं वारसांची परवानगी येईपर्यंत फक्त वाचनकक्षात पाहण्यासाठी ठेवली.

काय केलं : कागद आणि काच

पत्रांवरचं रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या आधी काढल्या. टाचणी ओढायची नाही. तिच्याखाली पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवायची आणि गंज कागदावर न घासता ती सोडवायची. पत्रं धुतलेल्या कोरड्या हातांनीच हाताळली, कारण हातमोज्यांनी बोटांची जाण जाते आणि कागद फाटतो. फोटोंसाठी मात्र नायट्राइलचे मोजे. टेबलावर शिसपेन्सिलीशिवाय काही नाही.

बारा पत्रं इतकी करकरीत झाली होती की उघडताना घडीवर तुटली असती. झाकणाच्या डब्यात तळाशी ओलसर टीपकागद, वर जाळी, जाळीवर पत्र, असं दोन ते चार तास ठेवलं, मग दोन कोऱ्या टीपकागदांत घालून वर वजन ठेवून दिवसभर सुकवलं. त्यातली तीन पत्रं अभिलेखपालने वेळीच बाजूला काढली. लोह आणि मायफळाच्या जुन्या शाईने तिथे कागद करपून तपकिरी झाला होता. अशा कागदाला दमट हवा लागली तर शाईतलं आम्ल पसरतं आणि अक्षरं गळून पडतात. ती तीन घडीतच ठेवली आणि पुढे कागद-संवर्धकाकडून उघडून घेतली. चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन कशालाच केलं नाही.

टिनटाइप नावात टिन असलं तरी तो लोखंडाचा पत्रा असतो. चुंबक हलकेच जवळ नेला की कळतं. अँब्रोटाइप काचेवरचा, त्यामुळे तिथे चुंबक गप्प राहतो. पत्र्याला ओल सोसत नाही. गंज वार्निशखालून वर येतो आणि चित्राचे पापुद्रे सुटतात. म्हणून हे चारही नग १८ ते २० अंश सेल्सिअस आणि ३५ ते ४५ टक्के आर्द्रतेत ठेवले. फ्लॅटबेड स्कॅनरवर पालथे न घालता वरून कॅमेऱ्याने टिपले. अँब्रोटाइपची डबी उघडून आत नाव सापडतं का पाहावं, असा आग्रह एका स्वयंसेवकाने धरला. आत चिठ्ठी असते कधी कधी. पण जुनी सीलपट्टी शाबूत होती, आणि ती फोडली की आत धूळ व हवा शिरते. डबी उघडली नाही.

पत्रं ४०० आणि कार्त-द-व्हिझिट ८०० पीपीआयला (इंचामागे तितके पिक्सेल), रंगीत, पाठपोट स्कॅन केली. पाठ कोरी असली तरी.

काय केलं : तारखा

सैनिकाच्या एका पत्रावर १४ जानेवारी १८६२ अशी तारीख होती आणि आत आर्कान्सा पोस्ट जिंकल्याचं वर्णन होतं. ते जिंकलं ११ जानेवारी १८६३ रोजी. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यांत हात सवयीने जुनं साल लिहितो, ही चूक जगातल्या सगळ्या दप्तरांत सापडते. नकलेत त्याने लिहिलेलं साल तसंच ठेवून शेजारी चौकटी कंसात १८६३ घातलं. जानेवारीच्या प्रत्येक पत्राचं साल मजकुराशी ताडून पाहावं, हा नियम इथे पुन्हा उपयोगी पडला.

लखोट्यांनी फारशी मदत केली नाही. घरातल्या कोणा तिकीटप्रेमीने ३८ पैकी २२ लखोट्यांचा उजवा वरचा कोपरा कापून नेला होता. तिकिटाबरोबर टपालाचा शिक्काही गेला. उरलेल्यांपैकी काहींवर तिकीटच नव्हतं. अधिकाऱ्याच्या सहीनिशी ‘सैनिकाचं पत्र’ असा शेरा मारला की टपालखर्च घेणाऱ्याकडून वसूल होई, ही सवलत जुलै १८६१ पासून होती. घरी पत्र आलं की आईला तीन सेंट मोजावे लागत.

लखोट्यांच्या बाबतीत संस्थेचीही चूक झाली. एका स्वयंसेवकाने पहिल्याच दिवशी सगळे लखोटे पत्रांपासून काढून आकाराप्रमाणे लावले. काही पत्रं आपापल्या लखोट्यात होती, काही चुकीच्या लखोट्यात, हे आधी नोंदवायला हवं होतं. नंतर शाई, घडीची मापं आणि कागदाच्या डागांवरून ३८ पैकी २९ जोड्या जुळल्या. नऊ जुळल्या नाहीत आणि आता जुळणारही नाहीत.

तशीच दुसरी चूक अनोळखी हातच्या तीन पत्रांची. अक्षर वेगळं म्हणून ती ‘मित्राची पत्रं’ या फोल्डरमध्ये गेली. नक्कल करणाऱ्या बाईंनी जुलै–ऑगस्ट १८६३ मधली ही पत्रं वाचली तेव्हा लक्षात आलं की मजकूर सैनिकाचाच आहे. लिहिणारा दुसरा होता, बोलणारा तो. हात चालेनासा झाल्यावर इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या कोणीतरी लिहून दिलेली ही त्याची शेवटची तीन पत्रं. शेवटच्या पत्राखाली सहीच्या जागी फक्त थरथरती आद्याक्षरं आहेत, आणि ती त्याच्या हातची आहेत. म्हणजे त्याची पत्रं ४४ नव्हे, ४७. अक्षरावरून वर्गवारी करण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

पत्रांत काय आहे, याबद्दल थोडं. मेम्फिस जून १८६२ मध्ये उत्तरेच्या ताब्यात आल्यावर तिथे कापसाच्या गासड्यांमागे लागलेल्या व्यापाऱ्यांची झुंबड त्याने वर्णिली आहे. मराठी वाचकाला ही ओळ जवळची वाटावी. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी होऊन इंग्लंडमधल्या लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये मुंबईचा शेअरबाजार कोसळला. एकाच धाग्याचं हे दुसरं टोक आहे.

यंग्ज पॉइंटची पत्रं वाचवत नाहीत. पुरामुळे कोरडी जमीन नदीच्या बांधावरच उरली होती. जिवंत माणसांचे तंबू तिथेच आणि मेलेल्यांना पुरायचंही तिथेच. फेब्रुवारीत तो कुरकुरतो की आपण देश एकसंध राखायला भरती झालो, गुलाम सोडवायला नाही. लिंकनचा मुक्तिजाहीरनामा १ जानेवारीला लागू झालेला होता. जूनच्या मध्यावर, व्हिक्सबर्गजवळच्या मिलिकेन्स बेंडला ७ तारखेला कृष्णवर्णीय पलटणींनी दक्षिणेचा हल्ला परतवल्याचं त्याच्या कानावर आलेलं असतं, आणि ते लोक आपल्याइतकेच लढतात असं तो आईला कळवतो. फेब्रुवारीच्या पत्रातले अपमानकारक शब्द नकलेत गाळावेत की ठेवावेत यावर बराच खल झाला. शब्द जसेच्या तसे ठेवले आणि सुरुवातीला सूचना दिली. ते काढले असते तर जूनमधला बदल दिसलाच नसता.

काय केलं : चेहऱ्याची ओळख

आता फोटो. तिकिटावरची एप्रिल १८६५ ही तारीख पाहून गटाने निष्कर्ष काढला की हा धाकटा भाऊ असावा. तो मे १८६४ मध्ये ओहायोच्या शंभर दिवसांपुरत्या उभारलेल्या पलटणीत भरती झाला होता आणि १८६५ मध्ये घरी होता. प्रदर्शनाची पाटी तशी छापली, आणि बाईंना ईमेल गेला : फोटो तुमच्या सैनिकाचा नाही, तो गेटिसबर्गलाही नव्हता. दोन वाक्यांचा ईमेल. पाच महिने बाईंकडून उत्तर आलं नाही.

चूक लक्षात आली ती फ्रेम बसवणाऱ्या स्वयंसेवकाच्या. त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलेलं. पुरुषाच्या कोटाची बटणं त्याच्या उजव्या अंगाला आणि काजं डाव्या अंगाला असतात, म्हणजे डाव्या बाजूची पट्टी वर येते. या फोटोत उजवी पट्टी वर होती. कोट बायकांच्या कपड्यासारखा मिटलेला दिसत होता.

टिनटाइपला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातल्या पत्र्यावर थेट चित्र उमटतं, म्हणून ते आरशातल्यासारखं उलटं असतं. कागदी फोटो निगेटिव्हवरून निघतो, त्यामुळे सुलटा. तर मग कागदी फोटो उलटा कसा? एक तर छापताना काचेची निगेटिव्ह पालथी पडली असेल. पण तसं झालं तर काचेची जाडी मध्ये येते आणि चित्र मऊ, धुरकट उतरतं. इथे केसांच्या कडा नीट होत्या. दुसरी शक्यता अशी, की समोर माणूस नव्हताच, एका टिनटाइपचा फोटो काढून त्याच्या प्रती केल्या होत्या. प्रतीत मूळचं उलटेपण तसंच येतं.

दहापट भिंगाखाली गालाजवळ एक केसाएवढी रेघ दिसली. दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरला. कागदावर खरी चर असती तर सावली पडली असती. सावली नव्हती. ओरखडा या कागदावर नव्हता, ओरखड्याचं चित्र होतं. तो मूळ पत्र्यावरचा ओरखडा.

तेव्हा तिकिटाची तारीख प्रत काढल्याची होती, माणूस कॅमेऱ्यासमोर बसल्याची नव्हती. मेलेल्या मुलाच्या एकुलत्या एका टिनटाइपवरून नातलगांसाठी डझनभर प्रती करून घेणं त्या काळी सर्रास चाले. आणि सैनिकाच्या डिसेंबर १८६२ च्या मेम्फिसच्या पत्रात लोखंडावर काढलेली तसबीर घरी पाठवल्याचा उल्लेख आधीपासून नकलेत होता. वाचणाऱ्यांनी तो फोटोशी जोडला नव्हता, कारण पत्रं आणि फोटो दोन वेगळ्या टेबलांवर, दोन वेगळ्या माणसांकडे होते.

एवढ्याने मात्र धाकट्या भावाची शक्यता संपली नाही. टिनटाइप त्याचाही असू शकत होता. म्हणून वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरखान्याकडून, म्हणजे नॅशनल आर्काइव्हजकडून, दोघांचे सेवा-अभिलेख आणि आईच्या पेन्शनची फाइल मागवली. भरतीच्या नोंदीत थोरल्याचे डोळे निळे आणि धाकट्याचे तपकिरी होते. त्या काळच्या फोटो काढायच्या कोलोडियन प्रक्रियेला निळा रंग फार लवकर लागे, त्यामुळे निळे डोळे फोटोत जवळजवळ पांढरे येतात आणि तपकिरी डोळे काळे. फोटोतले डोळे फिके, इतके की बुबुळाची कडच तेवढी उठून दिसते. (केसांवरून मात्र अंदाज बांधू नये. पिवळसर केस याच प्रक्रियेत गडद येतात.)

पेन्शनच्या फाइलने आणखी एक पोकळी भरली. खोक्यात फेब्रुवारीअखेर ते मे १८६३ या काळातलं एकही पत्र नव्हतं. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने सैनिकावर अवलंबून असलेल्या आईला साध्या शिपायामागे महिना आठ डॉलर पेन्शन मिळे, पण मुलगा पैसे पाठवत होता हे सिद्ध करावं लागे. आईने पुरावा म्हणून त्या काळातली पाच पत्रं अर्जाला जोडली होती. ती कधी परत आलीच नाहीत. तेरा डॉलर पगारातून घरी किती पाठवले त्याचा हिशेब त्यांत आहे. त्याच फाइलमध्ये मृत्यूची नोंदही होती : ऑगस्ट १८६३, मेम्फिसचं लष्करी इस्पितळ, जुनाट अतिसार.

काय केलं : ‘नोकर’ म्हटलेला तरुण

कृष्णवर्णीय तरुणाच्या टिनटाइपवर काय लिहावं, यावर दोन मतं पडली. अंगात सैनिकी कोट आहे तर सैनिक म्हणावं, हे एक. उत्तरेच्या फौजेत सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते, तेव्हा शक्यता मोठी. पण छावणीत स्वयंपाक आणि ओझी वाहणारेही लष्कराने दिलेले किंवा टाकलेले कोट घालत. पत्रांत एका स्वयंपाक्याचा फक्त पहिल्या नावाने उल्लेख आहे. तो हाच, असं म्हणायला आधार नव्हता.

शेवटी जे दिसतं तेवढंच, पण बारकाईने लिहायचं ठरलं : चार बटणांचा कोट, कॉलरची घडी, खुर्चीचा नक्षीदार पाय, मागचा पडदा, आणि गालांवर व बटणांवर हाताने दिलेला रंग. अशा वर्णनाचं मोल काय असतं, ते १८६३ मध्येच दिसलं होतं. गेटिसबर्गला एका मृत सैनिकाजवळ तीन मुलांचा अँब्रोटाइप सापडला. वर्तमानपत्रात फोटो छापण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून फिलाडेल्फिया इन्क्वायररने १९ ऑक्टोबरला त्या फोटोचं शब्दांत वर्णन छापलं. मोठ्या मुलाचा सदरा आणि बहिणीचा झगा एकाच कापडाचा, हेसुद्धा त्यात होतं. मजकूर इतर वर्तमानपत्रांनी उचलला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात एका आईने आपली मुलं ओळखली. सैनिकाचं नाव होतं एमोस ह्युमिस्टन.

‘नोकर’ हा शब्द नोंदीतून काढला नाही. ‘कुटुंबाने नंतर लिहिलेली चिठ्ठी’ म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवला.

निष्पत्ती

बाईंना दुसऱ्यांदा ईमेल गेला नाही. अभिलेखपाल स्वतः भिंग, फोटोची मोठी प्रत आणि सेवा-अभिलेखाची नक्कल घेऊन घरी गेली. आधी चूक कबूल केली, मग बटणं दाखवली. त्या दिवशी बाईंनी माळ्यावरचं दुसरं खोकं काढलं. पहिल्या ईमेलनंतर त्यांनी ते द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

त्या खोक्यात आईने लग्न झालेल्या मुलीला १८६५ च्या वसंतात लिहिलेलं पत्र होतं. लोखंडावरची तसबीर शहरात प्रती करायला दिली आहे, तुझी प्रत सोबत पाठवते, असं त्यात आहे, आणि फोटोग्राफरचं आडनावही. तेच आडनाव फोटोच्या पाठीवर छापलेलं आहे.

इतकं झाल्यावर ‘निश्चित’ लिहावं, असं तीन जणांचं म्हणणं होतं. अभिलेखपालने ‘जवळजवळ निश्चित’ ठेवलं आणि खाली पाच पुरावे क्रमाने दिले : उलटी बटणं, ओरखडा, डोळ्यांचा रंग, मेम्फिसचं पत्र, आईचं पत्र. आईच्या पत्राबरोबर गेलेली प्रत हीच, याला थेट पुरावा नाही, हा तिचा मुद्दा होता. तो बरोबर होता. बॉलपेनची ओळ जागेवरच आहे. नोंदीत तिचा वेगळा काळ लिहिला आहे : १९४५ नंतर.

वेगळं काय करता आलं असतं

खोकं उघडताच, काहीही उचलण्याआधी, वरून फोटो काढायला हवे होते. प्रत्येक थराचे. पत्रांचे दोन गठ्ठे सुतळीने बांधलेले होते आणि एका गठ्ठ्यात एक फोटो होता, हे दोघांना आठवतं. कोणता फोटो, ते कोणालाच आठवत नाही.

लखोटा आणि पत्र वेगळं करण्याआधी दोघांवर पेन्सिलीने एकच क्रमांक घालायला अर्धा दिवस लागला असता. न जुळलेल्या नऊ जोड्या वाचल्या असत्या.

पत्रांची नक्कल आणि फोटोंची नोंद एकाच व्यक्तीने केली असती, किंवा निदान आठवड्यातून एकदा दोन्ही टेबलं एकत्र बसली असती, तर मेम्फिसचा उल्लेख पाच महिने आधी उपयोगी पडला असता. पत्रात ‘तसबीर’, ‘फोटो’, ‘चेहरा पाठवला’ असं काहीही आलं की ती ओळ वेगळ्या यादीत टिपायची, ही पद्धत संस्थेने आता लावून घेतली आहे.

पेन्शनची फाइल पहिल्याच महिन्यात मागवायला हवी होती. सैनिक अविवाहित आणि आई विधवा आहे, हे पहिल्या दहा पत्रांतच कळलं होतं. तिथेच ओळखायला हवं होतं की वॉशिंग्टनमध्ये आईचा अर्ज असणार.

आणि महसुली तिकिटाची तारीख नोंदवताना संस्थेच्या अर्जात आता दोन रकाने आहेत : ‘प्रत केल्याचा काळ’ आणि ‘चित्र घेतल्याचा काळ’. दुसरा रकाना रिकामा ठेवायला परवानगी आहे.

मूळ टिनटाइप अजून सापडलेला नाही. आईच्या पत्रावरून तो फोटोग्राफरकडून परत आला होता की नाही ते कळत नाही. कुठे मिळालाच तर ओळखायची खूण नोंदीत लिहून ठेवली आहे : गालाजवळ, कानाच्या पाळीच्या पातळीवर, केसाएवढा तिरका ओरखडा.